पुनर्विकासाच्या प्रस्तावात कार्बनचाही हिशेब हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोथरूडमध्ये सध्या पत्र्याचे कुंपण नाही अशी गल्ली सापडणे कठीण झाले आहे. १९८०-८५च्या सुमाराच्या तीन-चार मजली सोसायट्या एकामागून एक पाडल्या जात आहेत आणि आमची सोसायटीही त्याच रांगेत आहे. आम्हा सभासदांना जे सादरीकरण दाखवले गेले, त्यात नवी इमारत पर्यावरणपूरक असल्याचे ठळक अक्षरांत होते. गच्चीवर २० किलोवॅटचे सोलर, जिन्यात एलईडी, पार्किंगमध्ये गाड्यांच्या चार्जिंगची सोय. माझी सगळी नोकरी बांधकामाच्या साइटवर बिलिंग करण्यात गेली. त्यामुळे माझे लक्ष गेले ते सिमेंट आणि सळईकडे. ते तयार करताना हवेत जाणाऱ्या कार्बनबद्दल त्या सादरीकरणात एक अक्षरही नव्हते.

म्हणून मी स्वतःच हिशेब मांडला. पार्किंगचे मजले धरून बांधकाम साधारण ६०,००० चौरस फूट होणार आहे. साइटवरचा नेहमीचा ठोकताळा म्हणजे चौरस फुटाला ०.४ गोणी सिमेंट आणि ५ किलो सळई. म्हणजे २४,००० गोण्या, अर्थात १,२०० टन सिमेंट, आणि ३०० टन स्टील. फ्लाय अॅश (औष्णिक वीजकेंद्रातली राख) मिसळलेले पीपीसी सिमेंट वापरले असे धरले, तर सिमेंटच्या टनामागे सुमारे ०.६ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. स्टीलसाठी आपल्या देशाची सरासरी टनामागे अडीच टनांच्या आसपास आहे. दोन्ही मिळून जवळजवळ दीड हजार टन. विटा-ब्लॉक, टाइल्स, अॅल्युमिनियमच्या खिडक्या, लिफ्ट, बेसमेंटसाठी काळा पाषाण फोडणाऱ्या ब्रेकरचे डिझेल आणि जुन्या इमारतीचा राडारोडा वाहणारे डंपर यात धरलेलेच नाहीत.

आता वापराकडे पाहू. नव्या इमारतीत ४४ फ्लॅट, प्रत्येकी महिन्याला २०० युनिट आणि लिफ्ट-पंप-दिवे यांचे महिन्याला ३,००० युनिट धरले, तर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार युनिट होतात. आपल्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. म्हणजे वर्षाला शंभर टन. याचा अर्थ असा की पहिले कुटुंब राहायला येण्याआधीच या इमारतीने पंधरा वर्षांच्या विजेइतका कार्बन सोडलेला असेल. गच्चीवरचे २० किलोवॅटचे सोलर वर्षाला साधारण २० टन वाचवील. ते हवेच, त्याबद्दल दुमत नाही. पण एकट्या त्याच्या जोरावर सिमेंट-सळईचा बोजा फेडायचा तर सत्तर वर्षांहून जास्त काळ लागेल. शिवाय ग्रिडमध्ये सौर आणि पवन वीज वाढेल तसा विजेचा कार्बन कमी होत जाईल. ओतून झालेल्या काँक्रीटचा मात्र कमी होणार नाही. सिमेंटच्या भट्टीला उद्या स्वच्छ इंधन मिळाले तरी शुद्ध चुनखडी भाजली की १०० किलोमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो.

या गणितात सर्वांत मोठा फरक पडतो तो इमारतीच्या आयुष्याने. दीड हजार टन ८० वर्षांवर वाटले तर वर्षाला १९ टनांच्या आत येतात, ४० वर्षांवर वाटले तर ३७. आमची इमारत चाळिशीतच पाडायला निघाली आहे. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना लिफ्टशिवाय घराबाहेर पडता येत नाही, हे मी रोज पाहतो. काही इमारतींचे कॉलम खरोखरच गेलेले आहेत. त्यामुळे पुनर्विकासच नको असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण स्ट्रक्चरल ऑडिट हातात आल्यावर कॉलमना जॅकेटिंग (भोवती काँक्रीट-सळईचे नवे आवरण), वॉटरप्रूफिंग आणि बाहेरून लिफ्ट एवढ्याने भागेल का, याची तुलना नुसती रुपयांत न होता कार्बनमध्येही व्हायला हवी.

आणि पाडायचेच ठरले, तर निर्णय कागदावर असतानाच घ्यायला हवेत. सात दिवसांत स्लॅब मारायची घाई असते म्हणून ५३ ग्रेडचे ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेले साधे सिमेंट मागवले जाते. काँक्रीटमध्ये फ्लाय अॅश किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) वाढवले तर ताकद थोडी सावकाश येते, टेकू जास्त दिवस ठेवावे लागतात, पण सिमेंटचा कार्बन चांगलाच उतरतो. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४मध्ये हरित स्टीलची व्याख्या केली आहे: तयार स्टीलच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन. निविदेत ही अट घालता येते. पार्किंगचा एक मजला कमी झाला तर किती काँक्रीट वाचते, हे कोणीही बिलिंगवाला सांगेल. आणि ताबा मिळाल्यावर महिन्याभरात नव्याकोऱ्या टाइल्स हॅमरने फोडून दुसऱ्या बसवल्या जातात, त्याला तर काही इलाजच उरत नाही. गोण्यांत भरून गेटबाहेर रचलेले ते तुकडे पाहिले की फार वाईट वाटते. फ्लॅट घेणाऱ्याला आधी विचारून टाइल्स बसवल्या तर हा दुहेरी खर्च होणारच नाही.

डेन्मार्कने २०२३पासून नव्या इमारतींना हा हिशेब सक्तीचा केला. इमारतीचे आयुष्य ५० वर्षे धरून, साहित्य आणि वापर मिळून, १,००० चौरस मीटरवरील इमारतींना वर्षाला चौरस मीटरमागे १२ किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा त्यांनी घातली. फ्रान्समध्येही २०२२पासून असा नियम आहे. आपल्याकडची २०१८ची इको निवास संहिता भिंती-खिडक्यांतून घरात येणाऱ्या उष्णतेकडे पाहते. पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांना. आमची नवी इमारत ५,६०० चौरस मीटरच्या आसपास आहे, आणि गल्लीबोळांतले बहुतेक पुनर्विकास असेच या चाळणीखालून निघून जातात.

राज्याच्या सहकार खात्याला माझी विनंती आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ)खाली पुनर्विकासाची जी कार्यपद्धती ठरवून दिली आहे, तीत सल्लागाराच्या व्यवहार्यता अहवालाला एक पान जोडणे बंधनकारक करावे: पाडकाम, साहित्य, बांधकाम, ५० वर्षांचा वापर आणि दुरुस्ती, शेवटची विल्हेवाट, प्रत्येकाचा कार्बन टनांत, आणि शेजारच्या रकान्यात जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचा. आकडे अंदाजपत्रकात आधीच असतात, गुणाकार करायला एक संध्याकाळ पुरते. सभासदांनी मतदान करण्यापूर्वी हे पान त्यांच्या हातात पडावे. आमच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मी तसा ठराव मांडतो आहे. ज्या सोसायट्यांचे करार अजून व्हायचे आहेत, त्यांनीही तो जरूर मांडावा.

आपला,
एक निवृत्त बिलिंग इंजिनिअर
कोथरूड, पुणे