विंडोलांडाचे गावकरी

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, इंग्लंडच्या उत्तरेकडील रोमन सरहद्दीविषयी सविस्तर लिही, असे तुम्ही म्हणाला होतात. हॅड्रियनच्या भिंतीचे फोटो मी पाठवलेच आहेत. मला मात्र भिंतीपेक्षा तिच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर असलेले विंडोलांडा अधिक मोलाचे वाटते. भिंतीचे काम इ.स. १२२ मध्ये सुरू झाले. त्याच्या काही दशके आधीपासून येथे लाकडी किल्ला उभा होता. पुढे दगडी किल्ला झाला आणि त्याच्या पश्चिम दरवाज्याबाहेर रस्त्याच्या दुतर्फा घरे-दुकानांची वस्ती वाढली. या वस्तीने व्हल्कन या अग्निदेवाला वाहिलेली दगडी वेदी १९१४ मध्ये सापडली. तिच्यावर कोणा सेनापतीचे नाव नाही, ती ‘विंडोलांडाच्या गावकऱ्यांनी’ अर्पण केली आहे.

पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना १९७३ मध्ये येथे शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या सापडल्या. त्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीच्या आहेत आणि ओल्या मातीत हवा न पोहोचल्यामुळेच कुजण्यापासून वाचल्या. एका पट्टीवर ७५२ सैनिकांची हजेरी आहे, पण त्यांतले ४५६ जण बाहेरगावी! दुसऱ्या एका पट्टीवर कुणाला तरी पाठवलेल्या पायमोज्यांचा आणि अंतर्वस्त्रांचा उल्लेख आहे. आई, तुला आवडेल ते पत्र क्लॉडिया सेव्हेराचे. किल्लेदाराची पत्नी सुल्पिसिया लेपिडिना हिला तिने ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचे आमंत्रण दिले आहे. मजकूर लेखनिकाच्या हातचा, पण शेवटच्या ओळी तिने स्वतः खरडल्या आहेत आणि मैत्रिणीला ‘बहीण’ म्हटले आहे. स्त्रीच्या हातचे इतके जुने लॅटिन लेखन फारच थोडे उरले आहे.

येथे चामड्याचे हजारो जोडे निघाले, आणि लहान मुलांचे जोडे सैनिकांच्या बराकींतही मिळाले. त्यामुळे बायका-मुले किल्ल्याबाहेरच राहत, हा जुना समज आता टिकत नाही.

बाबा, एका पट्टीवरच्या हिशेबात दोन दिनारांच्या (दिनार म्हणजे रोमन चांदीचे नाणे) मिऱ्यांची नोंद आहे. मिरी तेव्हा मलबारातूनच रोमन साम्राज्यात येत असे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची जी कांस्यमूर्ती तुम्ही मला कोल्हापूरच्या टाउन हॉलमध्ये दाखवली होतीत, तीही याच व्यापाराच्या काळातली.

तुम्ही येणार असाल तर उन्हाळ्यातच या, कारण तेव्हा उत्खनन चालू असते आणि खणणाऱ्यांशी बोलताही येते. संग्रहालयाकडे उतरणारी वाट जरा तीव्र उताराची आहे, तेवढी बाबांची काठी आठवणीने घ्या.

तुमची,
लेक