फिशफाइंडरची केबल जोडताना जाळी विसरू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

फिशफाइंडर हे ध्वनीच्या साहाय्याने पाण्याखालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारे यंत्र. पाण्यात ध्वनी सोडणाऱ्या आणि प्रतिध्वनी टिपणाऱ्या त्याच्या भागाची, म्हणजे ट्रान्सड्युसरची, केबल तुटली की अनेक बोटींवर तारा पिळतात आणि वर इन्शुलेशन टेप गुंडाळतात. फिशफाइंडर सुरू होतो, उथळ पाण्यात तळही दिसतो. पुढे खोल पाण्यात तळाची रेघ नाहीशी होते, पडद्यावर ठिपकेच ठिपके उमटतात आणि बोल मात्र यंत्राला लागतो. वास्तविक जोड कच्चा असतो.

यंत्र या केबलमधून शेकडो व्होल्टचे स्पंद खाली पाठवते. परतणारा प्रतिध्वनी मात्र व्होल्टच्या लाखाव्या भागाइतका क्षीण असू शकतो. इंजिन आणि पंपाच्या विद्युत गोंगाटापासून त्याला वाचवते ती केबलच्या आत तारांभोवती असलेली धातूची जाळी, आणि जोडताना नेमकी तीच सोडून दिली जाते.

आधी यंत्र बंद करून प्लग काढावा. तुटलेल्या टोकातून खारे पाणी तारेच्या बारीक धाग्यांमधून आत चढते, म्हणून तांबे लख्ख दिसेपर्यंत केबल मागे छाटत जावे. कधी वीतभर जाते. काळवंडलेल्या तांब्याला सोल्डर धरत नाही. लांबी अपुरी पडली तर तशीच जाळीची केबल मध्ये घालावी, पण मग जोड दोन होतात.

आतून गोंद असलेली जाड हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आक्रसणारी) आणि प्रत्येक तारेची बारीक नळी सोल्डरिंगच्या आधीच ओवून ठेवावी. ही साधी गोष्ट राहते आणि सगळे पुन्हा उसवावे लागते. तारांचे सांधे एकाच जागी न आणता १५ ते २० मिलिमीटर पुढेमागे ठेवावेत आणि तारांचा मूळ पीळ कायम राखावा. सोल्डर रोझिनचेच वापरावे, आम्लाचा फ्लक्स तांबे खातो. डाग दोन-तीन सेकंदांत द्यावा. जास्त तापले तर आतले प्लास्टिक वितळते आणि तार जाळीला टेकते.

जाळीची नुसती शेपटी वळून जोडली तर मधला भाग उघडा राहतो. दोन्हीकडची जाळी पसरून जोडावर पूर्ण वेढा द्यावा, कमी पडल्यास तांब्याची पट्टी गुंडाळून ती दोन्ही टोकांना सोल्डर करावी. इथे जाळी इंजिनाला किंवा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडू नये.

वरची नळी बसवण्यापूर्वी मल्टिमीटर लावावा. प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग हवी, जाळीला कुठेही टेकलेली नको. ट्रान्सड्युसरमधल्या ध्वनी निर्माण करणाऱ्या सिरॅमिकच्या दोन तारांमध्ये सहसा कंटिन्युइटी (सलग विद्युतमार्ग) मिळत नाही, कारण तो कपॅसिटरसारखा असतो. काही ट्रान्सड्युसरमध्ये आत ट्रान्सफॉर्मर असल्याने थोडे ओहम दिसतात, तो दोष नव्हे. म्हणून जोडण्याआधीच ट्रान्सड्युसरच्या बाजूचे आकडे लिहून ठेवावेत.

जाड नळी जोडाच्या दोन्ही बाजूंना निदान ४० मिलिमीटर पुढे जायला हवी. दोन्ही कडांतून गोंद बाहेर येईपर्यंत ती तापवावी. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन इथे अजिबात नको, त्यातल्या ॲसिटिक आम्लाने तांबे गंजते. जोड बोटीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून उंच ठेवून दोन्ही बाजूंना क्लिप मारावी, म्हणजे ताण सांध्यावर येत नाही. मग पाण्यात आधी इंजिन बंद ठेवून आणि नंतर चालू करून पडदा पाहावा. वेग वाढेल तसे ठिपके वाढले तर जाळी पुन्हा तपासावी किंवा केबल इंजिनाच्या वायरिंगपासून दूर न्यावी.

साइड स्कॅनच्या, म्हणजे बोटीच्या दोन्ही बाजूंचे चित्र दाखवणाऱ्या यंत्राच्या, बहुतारी केबलला हात न लावलेलाच बरा. तिथे बदलणे शहाणपणाचे.

कितीतरी केबली अपघाताने तुटत नाहीत. अरुंद भोकातून प्लग जात नाही म्हणून त्या कापल्या जातात. भोक प्लगच्या मापाचे पाडून नंतर ते सीलंटने बुजवता येते. उरलेली केबल गुंडाळून बांधावी, आखूड करू नये. उत्पादकांनीही कोणत्या रंगाची तार कशासाठी आहे, हे प्रत्येक ट्रान्सड्युसरच्या माहितीपत्रकात छापावे. आज जोडणाऱ्याला ते अंदाजाने ठरवावे लागते, आणि रंग कंपनीगणिक बदलतात.

आपला,
एक वाचक