पिल्लू मी घेऊन आलेय

ती. आई आणि बाबा,
सा. न.

काल फोनवर सांगायचं राहून गेलं असं नाही, मुद्दामच सांगितलं नाही. फोनवर आई लगेच "असू दे गं" म्हणते, बाबा विषय बदलतात आणि मी सुटल्यासारखी गप्प बसते. म्हणून लिहितेय.

आई, खिडकीतल्या पांढऱ्या ऑर्किडच्या, त्या फॅलेनॉप्सिसच्या, फुलांच्या दांड्यावर फुटलेलं पिल्लू, ते छोटं रोप, जागेवर नाही, हे तू एव्हाना पाहिलंच असशील. निघायच्या दिवशी पहाटे, तू झोपलेली असताना, मी ते कापून घेतलं. वर टांगलेली दुसरी पाच ऑर्किडं, डेंड्रोबियम, तर तुमच्यादेखतच गाडीत ठेवली. पिल्लाचं मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "महिनाभर राहू दे की आईपाशी," आणि मी ऐकलं असतं.

घाई केलेली नाही, खरंच. तीन पानं होती. मुळं पट्टी लावून मोजली: दोन सहा-सहा सेंटिमीटरची, एक चारचं. पाचाच्या पुढे गेली की पिल्लू आपलं पाणी आपण पितं. कात्री स्पिरिटने पुसली, दोन्हीकडे दांड्याचा थोडा तुकडा राखून कापलं, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली, आणि ती मुळांना लागू दिली नाही, कारण तिने मुळं सुकतात. चौथीतला माझा प्रताप आठवतोय ना? नखाएवढी मुळं असताना पिल्लू उपटून मातीत खोचलं आणि रोज तांब्याभर पाणी. आठ दिवसांत बुडातून काळं. ही झाडं रानात दुसऱ्या झाडाच्या खोडाला धरून राहतात, त्यांच्या मुळांना वारा लागतो, हे तू आधीच सांगितलं होतंस. मी ऐकलं नव्हतं. तू रागावलीही नाहीस, फक्त ती रिकामी कुंडी कितीतरी दिवस हलवली नाहीस. अजून ती कुंडी मला डोळ्यांसमोर दिसते, आई.

आता खरं कारण. आदल्या संध्याकाळी मी पानांवरची धूळ पुसत होते, तर मधलं कोवळं पान हातात आलं. ओढलं नव्हतं, नुसतं फडकं फिरलं. बुडाशी तपकिरी, लिबलिबीत. फॅलेनॉप्सिसला वाढायला शेंडा एकच. त्याच्या बेचक्यात पाणी साचून राहिलं की तो कुजतो, आणि तो गेला की तिथून नवं पान येत नाही.

बाबा, तुम्ही लगेच स्वतःला बोल लावून घेऊ नका. वाकता येत नाही म्हणून तुम्ही वरून ओतत होतात, मला ठाऊक आहे. आईच्या ऑपरेशननंतरचे सहा महिने सगळ्या कुंड्या तुम्ही एकट्याने जगवल्यात. मी रोज विचारायचे, "पाणी घातलंत का?" कसं घालता, हे एकदाही विचारलं नाही. तेव्हा हिशोब करायचाच तर माझं नावही लिहा.

आणि झाड गेलेलं नाही. शेंडा कोरडा केलाय, खालची चार पानं घट्ट आहेत, ती कित्येक महिने टिकू शकतात. अशा झाडाला कधी कधी बुडाशी नवा कोंब फुटतो. फुटेलच असं म्हणत नाही. पण कुणी "काढून टाका आता" म्हणालं तर ऐकायचं नाही.

पिल्लू म्हणजे तेच झाड आहे, आई. बी नाही. दांड्याच्या डोळ्यातून फुलाऐवजी पानं फुटली, एवढंच. हवाई बेटांवरच्या भाषेत त्याला केइकी म्हणतात, म्हणजे लेकरू. त्याला फूल येईल ते तुझंच, जिभेवरच्या त्या पिवळ्या ठिपक्यांसकट. बाबांनी विचारलं होतं, मग बी का लावत नाहीत. बाबा, ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात कोंबासाठी शिदोरीच नसते. रानात एक बुरशी त्याला भरवते. १९२२ मध्ये नुडसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने बुरशीऐवजी साखर घातलेल्या निर्जंतुक जेलीवर ते रुजवून दाखवलं. बाटल्यांचा खेळ आहे तो, आपल्या घरातला नव्हे. शिवाय बियाण्यातून आलेलं फूल आईसारखं निघेलच असं नाही.

इथे पिल्लाचं बरं चाललंय. पूर्वेची खिडकी, मधे पातळ पडदा. पारदर्शक कुंडी, सालीचे तुकडे आणि वर थोडं मॉस. मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असली की नाही. काल त्यातल्या लांब मुळाचं टोक बघत बसले होते: हिरवं, ओलसर चकाकणारं, टोकाशी जरासं तांबूस. ते सालीच्या एका तुकड्याला वळसा घालून खाली शिरलंय. म्हणजे धरलंय त्याने. टेकू म्हणून मी तुझीच जुनी विणकामाची सुई लावलीय. तीही न विचारता आणली.

फुलायला दोन ते तीन वर्षं लागतील. हे तुला सांगितलं तेव्हा तू हसलीस आणि म्हणालीस, "तोवर कोण बघायला." असं बोलायचं नाही. पानं पुरेशी मोठी झाली की काही आठवडे रात्री गार मिळाव्या लागतात, पंचवीस अंशांच्या खाली, मग दांडा निघतो. तो मुळासारखाच दिसतो आधी, पण त्याचं टोक गोल नसतं, चपटं असतं, बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असलेल्या हातमोज्यासारखं. ते टोक आधी तू ओळखायचंस, मी नाही. फोटो पाठवत जाईन दर रविवारी. कंटाळा आला तरी बघायचे.

आता ऐका. पाणी फक्त सकाळी, लांब चोचीच्या झारीने, कुंडीच्या कडेने. पानांच्या मधे थेंब पडलाच तर कागदाची सुरळी करून टिपायचा. आठवड्यातून एकदा बुडाशी बघायचं, हिरवा फुगवटा दिसला तर बोट लावायचं नाही, मला फोन. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. न्हाणीघरातली नवी चटई टोचते म्हणून गुंडाळून ठेवू नका, आठ दिवसांत सवय होते. बाबा, डोळ्यांची तारीख मी घेतलीय, पुढे ढकलायची नाही. आई, तू बाबांवर लक्ष ठेव. बाबा, तुम्ही आईवर.

रागावली असशील तर रागाव. फक्त "असू दे गं" म्हणू नकोस.

तुमची,
पिल्लूचोर

ता. क. बाबा, ते तीन पायांचं स्टूल शोधत बसू नका. डेंड्रोबियमच्या खाली, गाडीच्या डिकीत होतं.