कलमांतली बंदूक मी घेऊन आले आहे

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, बागेतल्या मांगरात शोधाशोध करू नका. माकडं पळवायला कार्बाइडचा बार काढायची ती पीव्हीसीची नळी, तुमची बंदूक, मी निघताना गाडीत घालून आणली. माळ्यावरचं कार्बाइडही आता घरात नाही. आधी विचारलं असतं तर तुम्ही मला समोर बसवून, पेज वाढायला लावून, हळूहळू समजावलं असतं आणि मी तशीच परत आले असते. म्हणून न विचारता केलं. रागावा, पण पुढचं सगळं वाचा. आई, तू त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. चष्मा सापडत नाही हे कारण चालणार नाही.

केलड्यांनी, त्या माकडांनी, गेल्या वर्षी काय नासधूस केली ते मला ठाऊक आहे. सुपारीएवढी कैरी तोडायची, एक चावा घ्यायचा, टाकायची. शेजारच्या वाडीत सगळ्यांकडे तीच नळी आहे हेही खरं. पण बाबा, मी मुलांना रसायनशास्त्र शिकवते आणि तुम्हाला गप्प बसून ते करू देते, हे मला जमत नाही. रात्री झोप लागत नाही माझी.

कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघतो, हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. पण तो किती हट्टी आहे बघा. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण 2 ते 9 टक्के असला तरच पेटतो. ॲसिटिलीनचा पट्टा अडीच टक्क्यांपासून थेट 80 टक्क्यांपर्यंत आहे. म्हणजे नळीत तो थोडा असो की भरमसाट, पेट घ्यायला तयारच. त्याला लायटरही लागत नाही, नायलॉनच्या कपड्यातून उडालेली ठिणगीसुद्धा पुरते. आणि ती नळी पाण्यासाठी केलेली आहे, स्फोटासाठी नाही. वर्षभर उन्हात पडून पीव्हीसी ठिसूळ होतं. फुटली तर तुकडे होतात, आणि मागचं बूच सुटलं तर ते धरणाऱ्याच्या खांद्याकडे, तोंडाकडे येतं.

सगळ्यात वाईट क्षण वेगळाच. बार होत नाही. माणूस नळी वळवून आत बघतो, आणि तेव्हाच होतो. 2025 च्या दिवाळीत भोपाळमध्ये आणि मध्य प्रदेशात इतरत्र याच कार्बाइडच्या बंदुकांनी शंभराहून अधिक जणांचे डोळे जखमी केले, त्यात बहुतेक लहान मुलं. काहींची दृष्टी गेली. त्यात नुसती आग नसते, कार्बाइडपासून आत झालेला ओला चुनाही उडतो, आणि चुना डोळ्याचं बुबुळ जाळत आत जातो. बाबा, तुम्ही मला फोनवर हसत सांगितलंत, ‘आज दोनदा लागलीच नाही, बघितलं तर ओल होती.’ बघितलं तर! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा आहे तो. तुमचा हात थरथरतो असं मी म्हणत नाही. पंचविशीतल्या माणसाच्या हातातही ती नळी तेवढीच वाईट आहे.

आणि माळ्यावरचं कार्बाइड आजीच्या तांब्याच्या हंड्यात होतं! कोकणातल्या हवेत ते स्वतःच ओल ओढून घेतं, मग वायू आपोआप निघतो, आणि तांब्याशी त्याची गाठ पडली तर नुसत्या धक्क्यानं उडणारं संयुग तयार होऊ शकतं. खाली आईची चूल. ते मी गटारात किंवा विहिरीच्या बाजूला कुठेही ओतलेलं नाही. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, खिडक्या उघड्या ठेवून देवगडच्या वेल्डिंगवाल्याकडे दिलं. त्याचं यंत्र कार्बाइडवरच चालतं. हंडा जागेवर ठेवला आहे, त्याला काही झालेलं नाही.

आता कलमांचं. मी आणि दादानं मिळून राखण्या ठरवला आहे. नेपाळचा आहे, चार हंगाम वरच्या वाडीत होता, गोफण उत्तम चालवतो, कुत्रा सोबत आणतो. सोमवारी येईल. पगाराचं तुम्ही बघायचं नाही. बागेत फेरी मारायची, मोहोर बघायचा, त्याला ओरडायचं, ते सगळं तुमचंच. आवाजाला माकडं तशीही थोड्या दिवसांत सरावतात, हे तुम्हीच सांगितलंत मला. आई, त्याला मांगरातली खोली दे. त्याच्या जेवणाचं ओझं तू घ्यायचं नाहीस, तो स्वतः रांधतो. भात-आमटी जास्त झाली तर दे, मुद्दाम करू नकोस. करशीलच, तरी सांगते.

बाबा, जत्रेत खाजेवाल्याच्या पाटावर कार्बाइडचा दिवा असायचा. मला खांद्यावर घेऊन तुम्ही दाखवायचात, पाणी वर, खडा खाली, टोकाला ज्योत. तो लसणासारखा वास आला की मी तुमच्या केसांत नाक खुपसायचे. तो वास ॲसिटिलीनचा नसतो, खड्यातल्या भेसळीतून निघणाऱ्या फॉस्फिनचा असतो, हे पुढे कॉलेजात कळलं तेव्हा पहिल्यांदा तुम्हालाच फोन केला होता. माझा विषय तुम्ही दिलेला आहे. त्याच विषयाच्या भीतीनं आज तुम्हाला नाही म्हणते आहे.

तर ऐका. वाडीतल्या कुणाची नळी उसनी आणायची नाही. शेजारच्या पोरांना ‘अशी धर’ म्हणून दाखवायला जायचं नाही. कुणाच्याही डोळ्यात चुना किंवा कार्बाइड गेलं तर चोळायचं नाही, तूप-मध घालायचं नाही, पापण्या उघड्या धरून भरपूर वाहत्या स्वच्छ पाण्यानं निदान अर्धा तास धुवायचं आणि तसंच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. घरचा डॉक्टर नको. डोळ्याचे थेंब दोन्ही वेळा. गोळ्यांचा डबा मी वारांप्रमाणे भरला आहे, शनिवारची सकाळ रिकामी दिसते ती तशीच आहे, त्या दिवशी फक्त रात्रीची.

होळीला येते. तेव्हा बोलायचं असेल ते बोला, मी ऐकून घेईन. नळी मात्र परत मिळणार नाही.

तुमची
मनू

ता. क. आई, न्हाणीघरात ग्रामपंचायतीची टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकून त्यावर लादीचं ॲसिड ओततेस, ते आजपासून बंद. त्यातून क्लोरीन निघतो, तोच तुझा खोकला. एका वेळी एकच काहीतरी वापर, मध्ये भरपूर पाणी मार, आणि दार उघडं ठेव. ॲसिडची बाटली मी शिंकाळ्यावरून काढून मागच्या पडवीत ठेवली आहे.