फॉर्म भरून घेतला म्हणजे सहभाग झाला का?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली एका कंपनीच्या 'नेट झीरो'च्या (हरितगृह वायूंचं उत्सर्जन जवळपास शून्यावर आणून उरलेलं शोषून घेण्याच्या) घोषणेची बातमी वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. बातमीत २०५० साल आहे, अध्यक्षांचा फोटो आहे, 'पुरवठादारांना सोबत घेऊन' असंही आहे. पण घट कोणत्या वर्षाच्या तुलनेत, २०३० पर्यंत किती, स्कोप ३ (पुरवठादार, ग्राहक अशा कंपनीबाहेरच्या साखळीतलं उत्सर्जन) धरलाय की नाही, यातलं एकही नाही. तुमच्या वार्ताहराने हे विचारलं नाही का? की प्रेस नोट आली तशी छापली?

'पुरवठादारांना सोबत घेऊन' हे वाचून जास्त राग आला, कारण मी पुरवठादार आहे. कालच्या बातमीतल्या कंपनीचा नाही, दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचा. आम्ही सुट्या भागांचं हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून धातूचे गुणधर्म बदलणं) करून देतो. त्यांच्याकडून एक भलीमोठी एक्सेल शीट आली, वीज किती, डिझेल किती, भंगार किती, सगळं महिन्यानुसार, आणि मुदतीत भरलं नाही तर व्हेंडर रेटिंगवर परिणाम होईल असं खाली लिहिलेलं. आमच्याकडे या कामाला वेगळा माणूस नाही, तरी जुनी बिलं काढून एकेक आकडा भरला. भट्टीचं इन्सुलेशन बदललं होतं, कॉम्प्रेसरच्या लाइनमधली गळती काढली होती, वीज खरोखर कमी झाली होती, त्याचीही बिलं जोडली. सोबत एक विनंती लिहिली की तुमचं शेड्यूल सारखं बदलतं म्हणून आम्हाला भट्टी अर्धी भरून चालवावी लागते, भट्टी अर्धी भरली म्हणून वीज निम्मी होत नाही, दर नगामागे जास्तच जाते, तेव्हा शेड्यूल जरा स्थिर ठेवा, वीज आपोआप वाचेल.

उत्तर आलं नाही. त्यांचा पर्यावरणविषयक अहवाल मात्र आला. त्यात 'सर्व प्रमुख पुरवठादारांशी संवाद पूर्ण' असं मोठ्या अक्षरात, आणि मागे बारीक टिपेत असं की स्कोप ३ चा आकडा खरेदीच्या रकमेवरून काढलाय. म्हणजे आम्हाला दिलेले पैसे गुणिले त्या उद्योगाचा सरासरी उत्सर्जन गुणांक (दर रुपयामागे किती उत्सर्जन धरायचं तो आकडा). ही पद्धत जीएचजी प्रोटोकॉलच्या (उत्सर्जन मोजायच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या) मार्गदर्शनात आहे, पहिल्या अंदाजाला चालते, मान्य. पण तिच्यात आम्ही वाचवलेलं एक युनिटही दिसत नाही, आणि उद्या आम्ही भाव वाढवला तर त्यांच्या कागदावर आमचं उत्सर्जन वाढलेलं दिसेल! मग आमच्याकडून बिलं कशाला मागवली? आम्ही काय सांगितलं, त्यातलं काय मान्य केलं, काय नाकारलं आणि का, एवढं छापलं असतं तर त्याला संवाद म्हटलं असतं. नकार दिला असता तरी चाललं असतं.

असे दावे कोणी तपासत नाही असं कंपन्यांनी धरून चालू नये. मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कोर्टाने केएलएम विमान कंपनीच्या १९ पर्यावरणविषयक विधानांपैकी १५ दिशाभूल करणारी ठरवली. झाडं लावून किंवा पर्यायी इंधन वापरून विमान प्रवासाचा परिणाम कमी होतो, हे चित्र वाजवीपेक्षा गुलाबी रंगवलं होतं असं कोर्टाचं म्हणणं होतं. म्हणजे इरादा चांगला आहे एवढ्यावर भागत नाही, नेमकं काय केलं ते सांगावं लागतं.

आणि विषय निघालाच आहे तर, याच अहवालात 'पुरवठा साखळीचं सक्षमीकरण' नावाचं एक पान आहे आणि आमची बिलं ठरलेली मुदत उलटून गेली तरी अडकलेली आहेत. नवा कॉम्प्रेसर घ्यायचा तर त्याच पैशातून घ्यायचा ना? बिलं वेळेवर द्या, आम्हाला त्या पानावर फोटो नको.

तुम्हाला एकच विनंती. यापुढे अशी घोषणा छापाल तेव्हा आधारवर्ष, २०३० चा आकडा आणि स्कोप ३ कसा मोजला हे कंपनीला विचारून छापा, उत्तर मिळालं नाही तर मिळालं नाही असं लिहा. आणि एखाद्या पुरवठादाराला किंवा कामगाराला फोन करून त्याचंही ऐका.

आपला,
एक पुरवठादार वाचक