सौभद्राला कात्री लागलीय, तू लवकर ये

सांगली

प्रिय दिगू,

पत्रास कारण, सौभद्र. दुसरं काय असणार? इथलं एक मंडळ माघात अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत सौभद्र करतंय ही बातमी तुला मंदाने कळवलीच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही. पण तिने अर्धीच सांगितली असणार. त्यांची कापलेली संहिता मला वाचायला दिलीय. ती वाचली आणि थेट तुला लिहायला बसलो, कारण यात काय बिघडलंय ते फोड करून न सांगता ज्याला कळेल असा माणूस आता तूच. अप्पा असते तर त्यांनी बाड तसंच परत धाडलं असतं आणि वर टपालखर्च मागितला असता.

प्रकृती ठीक. रक्तदाबाची गोळी चालू आहे. तुझ्या कंबरेचं लिही. आता मुद्दा.

प्रयोग दोन तासांत बसवायचा आहे. त्याला माझी हरकत नाही. पाच अंक, शंभरावर पदं, सगळं म्हणायचं तर रात्र पुरायची नाही, आणि आजच्या प्रेक्षकाला शेवटची बस गाठायची असते. कापायला हवंच. पण यांनी नेमकं उलटं कापलंय. गाजलेली बारा पदं ठेवलीत, आलाप-तानांसकट, आणि साक्या, दिंड्या, कामदा, म्हणजे वृत्तातली ती छोटी पदं, झाडून काढल्यात. का, तर म्हणे लोकांना त्या माहीत नाहीत.

अरे, साकी म्हणजे असते केवढी! ओळीला 28 मात्रा, 16 वर थांबा. दिंडी तर 19 चीच, 9 आणि 10. तबला नसला तरी चालतं. तू पेटीवर सूर धरून ठेवतोस आणि नट बोलता बोलता गायला लागतो. पाऊण मिनिटात काम झालं. वीस साक्या-दिंड्या उडवून यांच्या हाती लागली पंधरा मिनिटं. तिकडे एकेक पद सात मिनिटांचं ठेवलंय, म्हणजे बारा पदांची झाली 84 मिनिटं, आणि दोन तासांतून ती वजा केली तर गोष्ट सांगायला उरली 36. तेच पद स्थायी, म्हणजे धृपद, आणि अंतरे, म्हणजे कडवी, स्वच्छ म्हणून साडेतीन मिनिटांत होतं. बाराही पदं तशी म्हटली तर 42 मिनिटं मोकळी होतात. सगळ्या साक्या परत घाल, तरी 27 शिल्लक! हा हिशेब मी त्यांच्यापुढे मांडला. दिग्दर्शक म्हणाले, 'मग गाणं ऐकायला येणाऱ्याला काय मिळणार?' दिगू, त्याला सौभद्र मिळेल ना!

तू आता म्हणशील, हा पुन्हा तानांवर घसरला. घसरलो. आपलं हे भांडण जुनं आहे आणि अप्पांच्या ओटीवर ते कधी मिटलं नाही. तुझं म्हणणं, बालगंधर्व आणि भास्करबुवा बखले होऊन गेल्यावर पद पुन्हा 1882 च्या चालीत कोंबता येत नाही, रागाची वाट एकदा उघडली की ती उघडीच. मान्य. मानापमान आणि स्वयंवर ही नाटकं बांधलेलीच तशी आहेत, त्यांत पद फुलवायला जागा ठेवलेली आहे. पण सौभद्र त्यांच्या आधीचं. इथे सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी खेळ केला तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्यावर हावभाव करायची. अण्णासाहेबांनी 1880 च्या शाकुंतलात पदं पात्रांच्या तोंडी दिली, आणि दोन वर्षांनी सौभद्रात ती इतकी मुरवली की गद्य कुठे संपलं आणि पद कुठे लागलं हे ऐकणाऱ्याला कळू नये. छोटा गंधर्वांचा कृष्ण आठव. आवाजात एवढी साखर असूनही समोर रुक्मिणी आहे हे ते विसरत नसत. यावर तरी आपलं कधी भांडण झालं नाही.

आता संहितेतली भोकं दाखवतो. पहिल्या अंकात 'राधाधर मधुमिलिंद' ठेवलंय, नारदाला टाळ्या हव्यात म्हणून. 'लग्नाला जातो मी द्वारकापुरा' मात्र काढलंय. अरे, द्वारकेत लग्न निघालंय ही बातमी अर्जुनाला तिथेच लागते! सुभद्रा दुर्योधनाला द्यायची असं बलरामाने ठरवलं, म्हणून अर्जुनाचा धीर सुटतो आणि तो संन्यासाची भाषा करू लागतो. ते पद आणि आसपासचं बोलणं गेलं की अर्जुन विनाकारण खचलेला दिसतो. पुढे संन्याशाच्या वेषात तो द्वारकेत शिरतो तेव्हा नवीन प्रेक्षक शेजारच्याला विचारणार, हा असा का करतोय?

त्याहून वाईट सुभद्रेचं 'वद जाऊ कुणाला शरण'. यांनी स्थायी ठेवलीय, तिच्यावर चार मिनिटं विस्तार, एक अंतरा आणि मग तिहाई, तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर. या पदाचं सगळं बळ अंतऱ्यांत आहे हे तुला मी काय सांगू. 'करील जो हरण संकटाचे' असं विचारून झाल्यावर ती एकेक दार ठोठावते. आप्तांना सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. आईबापांना तिचे हाल बघवत नाहीत, पण त्यांचं काही चालत नाही. जे यादव हात जोडून पुढे नाचायचे, ते 'थवे यादवांचे' आता उलटलेत. दर अंतऱ्याला एक दार बंद होतं, आणि शरण या शब्दावर परत यावं तेव्हा तो आधीच्या वेळेपेक्षा जड झालेला असतो. एकच अंतरा घेतला तर त्या मुलीने कितीही डोळे पुसले तरी ते रडणं उपरंच. उलट सगळे अंतरे घे, विस्तार पुसून टाक, फक्त शेवटच्या 'शरण'ला तिला हवा तेवढा वेळ दे. चार मिनिटांत लोक हलतील.

सुभद्रा करणारी मुलगी चांगली आहे, हेही लिहितो. आवाज पेटीच्या काळी चार पट्टीचा, स्वच्छ, शब्द तोंडात ठेवून गात नाही. फक्त तिला कुणीतरी सांगायला हवं की गद्याचं शेवटचं वाक्य षड्जाच्या आसपास आणून ठेव, म्हणजे पद लागताना उडी पडत नाही. आणि पेटीवाल्याने ते वाक्य चालू असतानाच पहिला सूर हळूच धरायला हवा. वाक्य संपल्यावर सूर दिला की 'आता गाणं' अशी पाटी लागते. हे तू झोपेतसुद्धा करतोस.

'नच सुंदरी करू कोपा'मध्ये यांचा कृष्ण 'नारी मज बहु असती'च्या 'असती'वर तान घेतो. तिथे हशा आहे, दिगू! समजूत काढायला आलेला नवरा आपल्याला बायका पुष्कळ असल्याचं सांगतोय, आणि लगेच 'परि प्रीती तुजवरती' म्हणून सावरून घेतोय. दोन तुकडे लागोपाठ पडले तर थिएटर हसतं. मधे तान आली की पहिलं वाक्य विसरलं जातं आणि दुसरं लटकतं. बरं, रुक्मिणी त्या वेळी पाठमोरी उभी केलीय. तिचा चेहरा दिसला नाही तर हा कुणाची समजूत काढतोय?

'प्रिये पहा' पूर्ण ठेवलंय, त्याबद्दल त्यांना दुवा देतो. पण पहिल्याच ओळीला मागचा पडदा गुलाबी होतो. पदातच प्रकाशयोजना लिहून ठेवलीय की! आधी थंडगार वारा सुटतो, मग दीपतेज मंद होतं, मग दिशा उजळतात आणि अरुण पसरतो, आणि पाखरं त्यानंतर. विजेचे दिवे नव्हते तेव्हा पहाट शब्दांनीच व्हायची. आज दिवे आहेत तर त्यांनी शब्दांच्या मागून चालावं. समई पहिल्या अंतऱ्यात उतरवायची, मागचा पडदा 'अरुण'वर अगदी जरासा, आणि पूर्ण उजेड शेवटच्या अंतऱ्याला, जिथे झोपेत लयाला गेलेलं विश्व पुन्हा उठतं. प्रकाशवाला पोरगा हुशार निघाला, अंतरे कागदावर लिहून घेतले त्याने.

दिग्दर्शकांनी माझ्यावर एक हुकमी पान टाकलं. म्हणाले, 18 नोव्हेंबर 1882 ला पुण्यात पहिला प्रयोग झाला तो तीनच अंकांचा, मग आम्ही कापलं तर बिघडलं कुठे? इतिहास बरोबर आहे. पण ते तीन अंक सबंध होते, आणि उरलेले दोन लवकरच आले. अण्णासाहेबांनी नाटक वाढवत नेलं, पोखरलं नाही. त्यांना तीनच अंक करायचे असतील तर मी पहिल्या रांगेत बसेन. खरंच सांगतोय, नीट केलेले तीन अंक मला या पाचांपेक्षा चालतील.

आता सगळ्यात मोठी काळजी. पेटी-तबला नको, ध्वनिमुद्रित साथ लावू, असा विचार चाललाय. पैसे वाचतात हे खरं. पण मुद्रित साथीची लय ठरलेली. हशा लांबला तर नटाने काय करायचं? घसा बसलेल्या दिवशी पट्टी अर्ध्या सुराने उतरवायची कशी? आणि साकीला तर साथ नटाच्या मागून जायला हवी, तिला मोजून ठेवलेली लय कशी चालेल? मला वाटतं, साक्या काढण्याचं खरं कारण हेच आहे. त्या ध्वनिफितीवर बसत नाहीत. आणि वन्समोर? तोही ध्वनिफितीला विचारून द्यायचा?

म्हणून मी मंडळाला सांगितलंय की दिगू फोंड्याहून येईल. तुला न विचारता सांगितलं, आता भांडायचं असेल तर इथे येऊन भांड. पट्ट्या लिहितो. कृष्ण काळी एक, नारद पांढरी दोन, सुभद्रा काळी चार. अर्जुन अजून डळमळतोय, त्याला पांढरी एकवर बसवू असं मला वाटतं, वर त्याचा आवाज ताणतो. बंडू तिन्ही पट्ट्यांचे तबले आधीच लावून शेजारी ठेवणार आहे, सुभद्रेसाठी लहान तोंडाचा वेगळा. प्रवेश चालू असताना हातोडीचे आवाज नकोत, एवढंच त्याला बजावलंय.

इथल्या मंदिरात जुनी पायपेटी आहे, ती देतो म्हणतात. मी उघडून पाहिली. भात्याचं कापड एका कोपऱ्यात विरलंय, ते बदलून घेतो. मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या दाबल्या की बोलत नाहीत. कुणीतरी सुचवलं, रीड घासून घ्या. मी हात धरला. धूळच असणार, पातळ कागद पात्याखालून अलगद फिरवला की सुटेल. पितळ टोकाशी घासलं गेलं तर सूर चढतो, मुळाशी घासलं गेलं तर उतरतो, आणि मग तो सूर सगळ्या पेटीशी भांडत राहतो. तू येईपर्यंत कुणाला हात लावू देत नाही. तुझी घडीची पेटी आणता आली तर उत्तमच, पण बसच्या टपावर टाकू नकोस. गाडीत आडवी ठेव आणि पट्ट्यांवर कापड घालून मग झाकण लाव.

रेवाच्या नोकरीचं कळलं, फार बरं वाटलं. छप्पर शाकारून झालं का? वहिनींना नमस्कार सांग, त्यांनी दिलेली कोकमं अजून पुरतायत. जत्रेतल्या नाटकाला यंदा तू वाजवणार नाहीस असं ऐकलं, ते खरं आहे का? असेल तर का, ते सविस्तर लिही.

तालमी पौषात सुरू होतील, रोज संध्याकाळी साडेसहाला. शेवटचा आठवडाभर तू असायलाच हवास, त्याआधी दोन दिवस येऊन गेलास तर पदांची लांबी तेव्हाच ठरवून टाकू. तुझ्यासमोर दिग्दर्शक ऐकतील. माणूस वाईट नाही, नाटकावर त्यांचं प्रेम आहे, फक्त सौभद्र त्यांनी मैफलीतून ऐकलंय, रंगमंचावर सबंध पाहिलेलं नाही. तू साकीला सूर धरून दाखव आणि त्या मुलीला एकदा बोलता बोलता गाऊ दे. माझ्या सगळ्या हिशेबापेक्षा ते लवकर पटेल.

येताना चालींची निळी वही आण. अप्पांनी दिंड्यांच्या चाली तिच्यातच लिहून ठेवल्यात, माझ्याकडे फक्त साक्यांच्या आहेत. तारखा उलट टपाली कळव, म्हणजे मंडळाला गाडीभाड्याचं सांगतो.

तुझा,
वसू

ता. क. : 'पंचतुंड' हे नांदीचं पद शाकुंतलातलं, मग सौभद्राच्या सुरुवातीला कशाला, असं दिग्दर्शकांनी विचारलं. मी म्हटलं, तो रिवाज आहे, राहू द्या. राहिलंय. तेवढी पट्टी सगळ्यांना झेपेल अशी तू ठरव, मंडळातली बायका-पुरुष मिळून बारा माणसं एकत्र म्हणणार आहेत.