सासूबाईंना आपल्या पूर्वजांची नावं कशाला हवीत

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, वंशावळीच्या वहीचे फोटो मिळाले. त्याखाली तुम्ही विचारलंत, "तुझ्या सासूबाईंना आपल्या पूर्वजांची नावं कशाला हवीत?" प्रश्न रास्त आहे. फोनवर त्याचं उत्तर नीट देता येणार नाही, म्हणून लिहिते. जूनमध्ये तुम्ही याल तेव्हा हा विषय निघणारच, आणि तो आधी माझ्याकडून कळलेला बरा.

पण त्याआधी आईसाठी. आई, मी सासरच्यांच्या मॉर्मन पंथात गेलेले नाही. त्यांच्या घरात लग्न झालं म्हणून कुणी आपोआप सभासद होत नाही. त्यासाठी बाप्तिस्मा घ्यावा लागतो, अख्खं पाण्यात बुडवून, आणि त्याआधी मुलाखत होते. त्यांच्या पोटच्या मुलांचाही बाप्तिस्मा आठव्या वर्षाआधी होत नाही. बरं-वाईट कळल्याशिवाय माणसावर जबाबदारी टाकायची नाही असं ते मानतात. तुझ्या जावयाने मला कधी गळ घातली नाही. देवघर आमच्या स्वयंपाकघराशेजारी आहे आणि संध्याकाळचा दिवा रोज लागतो.

आता नावांचं. ही मंडळी ख्रिस्ताला मानतात, बायबल मानतात आणि त्याच्या जोडीला 'बुक ऑफ मॉर्मन' मानतात. न्यूयॉर्क राज्यातल्या जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून ते उतरवलं, अशी त्यांची श्रद्धा आहे. पुस्तक छापलं १८३० मध्ये, आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला चर्च स्थापन झालं. त्यांच्या श्रद्धेचा गाभा मात्र मला कुटुंबात दिसतो. मंदिरात योग्य अधिकाराने बांधलेलं नातं मरणानंतरही तुटत नाही, नवरा-बायको आणि आई-बाप-मुलं अनंतकाळ एकमेकांची राहतात, असं ते मनापासून मानतात. मग जे पूर्वज हे काही कानावर न पडता गेले त्यांचं काय? त्यांच्यासाठी जिवंत माणूस मंदिरात जाऊन त्यांच्या नावाने बाप्तिस्मा घेतो. बारा दगडी किंवा धातूच्या बैलांच्या पाठीवर मोठं कुंड असतं, त्यात हा विधी होतो. मेलेल्या माणसाचा आत्मा तो स्वीकारायला किंवा नाकारायला मोकळा असतो, आणि अशी नावं सभासदांच्या आकड्यात धरली जात नाहीत.

म्हणून ही नावांची ओढ. त्र्यंबकेश्वरला आपल्या उपाध्यायांनी चोपडी उघडून खापरपणजोबांचं नाव वाचून दाखवलं होतं ना, तसं काम यांनी सगळ्या जगासाठी मांडलं आहे. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीजवळच्या एका दरीत डोंगर पोखरून तिजोरी केली आहे. जगभरातून जमवलेल्या नोंदींची सुमारे २४ लाख मायक्रोफिल्मची रिळं तिथे आहेत. शहरातलं त्यांचं वंशावळींचं ग्रंथालय कुणालाही फुकट वापरता येतं, सभासद असो वा नसो.

आपल्या पूर्वजांच्या नावाने बाप्तिस्मा करायचा नाही, हे मी सासूबाईंना स्पष्ट सांगितलं आहे. आपले पणजोबा पंढरीची वारी करत गेले, त्यांचा मार्ग त्यांनी निवडला होता, तो आपण बदलायचा नाही. त्यांच्याकडे नियमही आहे: गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्या माणसासाठी जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी लागते. छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावाने असे बाप्तिस्मे झाल्याचं उघड झालं तेव्हा ज्यू संघटना खवळल्या, आणि १९९५ मध्ये चर्चला ते थांबवण्याचं कबूल करावं लागलं. त्यानंतरही काही नावं आत शिरलीच. त्यामुळे तुमची शंका अनाठायी नाही, बाबा. सासूबाईंनी ऐकून घेतलं, थोड्या खट्टू झाल्या, आणि म्हणाल्या, "नावं तरी लिहून ठेवू दे."

मग आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी तुमच्या वहीचे फोटो घेऊन बसलो. मी वाचत होते, त्या पेन्सिलीने चौकोन काढत होत्या. प्रत्येक नावापाशी थांबून त्यांचा एकच प्रश्न: "यांची आई कोण?" आणि वहीत उत्तर नाही! सात पिढ्यांचे पुरुष ओळीने आहेत, गावं आहेत, दत्तक गेलेला मुलगा आहे, इनामाच्या जमिनीचा उल्लेख आहे. बाई एकही नाही. पणजीसुद्धा नाही, जिच्या हातचं थालीपीठ तुम्ही अजून आठवता. सासूबाईंनी त्या जागी रिकामे चौकोन काढले. ते कागदावर बघताना मला फार वाईट वाटलं.

आणि हे अशा चर्चमधली बाई विचारते, जिथे बायकांना पुरोहितपदाचा अधिकारच नाही. बायकांची 'रिलीफ सोसायटी' ही संघटना १८४२ पासूनची, काम डोंगराएवढं, पण बिशप, म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख, व्हायचं तर पुरुषच लागतो. मला हे पटत नाही आणि मी तसं घरात बोलते. कृष्णवर्णीय पुरुषांनाही हा अधिकार १९७८ पर्यंत नव्हता. तेही मला पटण्यासारखं नाही. एका पुरुषाने अनेक बायका करण्याच्या प्रथेबद्दल आईने विचारलं होतं: चर्चने ती १८९० मध्ये जाहीरपणे सोडली आणि आज तसं करणाऱ्याचं सभासदत्व जातं. अजून ती पाळणारे गट आहेत, पण ते वेगळे.

आई, सासरे पुजारी आहेत का, असंही तू विचारलं होतंस. ते इलेक्ट्रिशियन आहेत आणि गेल्या वर्षापासून आमच्या भागाचे बिशप. इथे स्थानिक पातळीवर पगारी धर्मगुरू नसतो. या पदासाठी अर्ज करता येत नाही, निवडणूक होत नाही. वरून बोलावणं येतं, रविवारी जमलेले सभासद हात वर करून पाठिंबा देतात, आणि साधारण पाच वर्षांनी दुसऱ्याची पाळी येते. दिवसभर वायरिंग करून आलेला माणूस संध्याकाळी कुणाची नोकरी गेली, कुणाचं घरात पटत नाही, कुणाचं भाडं थकलं, हे ऐकत बसतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभासद दोन जेवणं सोडतात आणि त्याचे पैसे गरजूंसाठी देतात. त्या पैशांतून कुणाला मदत द्यायची हे सासरे ठरवतात, आणि कुणाला दिली हे सासूबाईंनाही कळत नाही. मला त्यांचा आदर वाटतो तो यासाठी.

सगळ्यांच्या वर अध्यक्ष. त्यांना ते देवाचा संदेष्टा मानतात. अध्यक्ष वारले की बारा प्रेषितांपैकी सगळ्यात आधी नेमलेला त्यांच्या जागी येतो, त्यामुळे चढाओढीला जागा नाही, पण नेता नेहमी वयोवृद्ध असतो. रसेल नेल्सन २०२५ च्या सप्टेंबरमध्ये १०१ व्या वर्षी गेले, त्यांच्या जागी त्र्याण्णव वर्षांचे डॅलिन ओक्स आले. नेल्सन मूळचे हृदयशल्यविशारद, ओक्स युटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते.

आता जूनमधल्या लग्नाबद्दल. नणंदेचं लग्न इथल्या अमेरिकन फोर्क शहरातल्या त्यांच्या मंदिरात आहे. आत फक्त पात्र ठरलेले सभासद जातात. त्यासाठी बिशपचं आणि त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याचं पत्र लागतं, उत्पन्नाचा दशांश दिला का, चहा-कॉफी, दारू, तंबाखूपासून लांब आहात का, असं विचारलं जातं. मी आत जाणार नाही, तुम्हीही नाही. बाबा, हा मानापमानाचा प्रश्न करू नका. नणंदेचे सख्खे काकासुद्धा बाहेर थांबणार आहेत, त्यांनी चर्च सोडलं आहे. नणंदेने मात्र ठरवलं आहे की आदल्या दिवशी घरामागच्या अंगणात आपल्या सगळ्यांसमोर कायदेशीर लग्न करायचं. पूर्वी इथे असं केलं तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे, २०१९ मध्ये ती अट काढली. तेव्हा आई, पैठणी आणच.

चहाची काळजी करू नका. आमच्याकडे दोन वेळा होतो, जावई फक्त पीत नाही.

बाबा, तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. पूर्वजांबद्दल तुमचं जे मत असेल ते तुम्ही स्वतः सासूबाईंना सांगा, मी शब्दशः इंग्रजीत सांगेन. त्यांना स्पष्ट बोलणं आवडतं. आणि येण्याआधी आत्याला फोन करून पणजीचं नाव, तिचं माहेर आणि तिच्या आईचं नाव विचारून घ्या. आत्याचं वय पाहता हे लांबवू नका. चुलत घरातल्या बायकांचीही जेवढी मिळतील तेवढी आणा.

आईच्या गुडघ्याचा रिपोर्ट आला की कळवा.

तुमची,
मनू

ता. क. पहिल्या रविवारी त्यांचा उपास असेल. तरी ते तुम्हाला आग्रहाने जेवायला वाढतील. संकोच न करता जेवा.